दुर्बिणीतून पिशवी काढायची ठरली, तर: दवाखाना ठरवण्यापासून पुन्हा कामाला लागेपर्यंत

आपल्या मराठवाड्यात ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं की बहुतेक बायकांना आठवतं ते कुटुंबनियोजनाचं शिबिर. सकाळी ग्रामीण रुग्णालयात जायचं, दुपारपर्यंत नंबर लागायचा, एक-दोन दिवसांत बाई पोरांना घेऊन घरी. त्यामुळे डॉक्टर ‘पिशवी दुर्बिणीतून काढू’ म्हणाले की घरचे निर्धास्त होतात. आठ दिवसांत बाई चुलीपुढं दिसेल असं धरून चालतात.

ही दोन ऑपरेशनं एका मापाची नाहीत. नसबंदीत दुर्बिणीतून नळ्यांवर रिंग बसवतात, काही मिनिटांचं काम असतं. गर्भपिशवी काढायची म्हणजे तिच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बंद करायच्या, चिकटलेलं मूत्राशय अलगद खाली सारायचं, शेजारून जाणारी मूत्रवाहिनी सांभाळायची, पिशवी खालच्या वाटेनं बाहेर घ्यायची आणि योनीचं वरचं टोक आतून शिवून बंद करायचं. याला एक ते तीन तास लागतात. पोटावर अर्ध्या-एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रं दिसतात, पण आतली शिवण पोट उघडून केलेल्या ऑपरेशनइतकीच असते आणि ती भरायला तेवढाच वेळ घेते. स्त्रीरोग वॉर्डात सिस्टर म्हणून काम करताना मी डिस्चार्जच्या वेळी सगळ्यात जास्त हेच सांगत असते, आणि बाईपेक्षा तिच्या सासूला आणि नवऱ्याला आधी सांगते.

पिशवी काढायचीच आहे का?

हा प्रश्न आपल्या भागात जरा कठोरपणेच विचारायला हवा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत काम सुटलं की खाडा धरून पैसे कापले जातात, फडात संडास नाही, पाणी नाही, त्यातून जंतुसंसर्ग, अंगावरून पांढरं जाणं आणि मग ‘पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल, काढून टाका’ अशी ती साखळी होती. या प्रकरणानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन आलं.

तेव्हा नीट ध्यानात घ्या: नुसतं पांढरं जाणं, कंबर दुखणं, सोनोग्राफीत ‘पिशवी थोडी मोठी’ किंवा तपासणीत ‘पिशवीच्या तोंडाला जखम’ लिहिलेलं असणं, एवढ्यावर पिशवी काढत नाहीत. पांढरं जाण्याला औषध आहे. या जखमेची धास्ती असेल तर पिशवीच्या तोंडाची तपासणी किंवा पॅप स्मिअर (तिथल्या पेशी पुसून घेऊन केलेली तपासणी) करून घ्या. तिशीपुढच्या बायकांसाठी ही तपासणी सरकारी दवाखान्यांत मोफत आहे. पाळीत फार रक्त जात असेल तर आधी गोळ्या, हार्मोनचं औषध किंवा पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी हे उपाय करून बघतात. या तांबीनं कित्येक जणींचं ऑपरेशन टळतं. फायब्रॉईडच्या (पिशवीच्या स्नायूतल्या, कॅन्सरच्या नसलेल्या) गाठी लहान असतील, त्रास देत नसतील तर नुसतं लक्ष ठेवायचं; पाळी गेल्यावर त्या बहुधा आक्रसतात. आणि चाळिशीपुढे पाळी बिघडली असेल तर ऑपरेशनआधी पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवलाच पाहिजे. आत कॅन्सर निघाला तर सगळं ऑपरेशनच वेगळं ठरतं. ‘आधी काढू, मग तपासू’ म्हणणाऱ्याकडून फाईल उचला आणि दुसरं मत घ्या. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, यांपैकी एक कुठलं तरी आपल्याला एसटीच्या अंतरावर आहे. केसपेपर काढून दाखवायला एक दिवस मोडेल, मोडू द्या.

गाठी मोठ्या आहेत, औषधं करूनही हिमोग्लोबिन सात-आठच्या वर येत नाही, एंडोमेट्रिओसिसनं (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याच्या दुखण्यानं) जीव नकोसा झालाय, पिशवी खाली उतरलीय, अशा वेळी मात्र ऑपरेशन उगाच लांबवण्यातही अर्थ नाही.

डॉक्टरांना एक प्रश्न न लाजता विचारा: अंडाशय ठेवणार की काढणार? पाळी सुरू असलेल्या बाईचे दोन्ही अंडाशय काढले की दुसऱ्याच दिवसापासून पाळी गेल्यासारखं शरीर वागायला लागतं. अंगातून वाफा, झोप उडणं, पुढं हाडं ठिसूळ. पस्तीस-चाळिशीच्या बाईचे अंडाशय चांगले असतील तर ते ठेवण्याकडे कल असायला हवा. ‘पुढं त्रास नको म्हणून काढून टाकू’ हे कारण मला तरी पुरेसं वाटत नाही.

कुठली वाट?

‘दुर्बीण’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. हिस्टेरोस्कोपीत पोटाला छिद्रच पाडत नाहीत. खालच्या वाटेनं बारीक दुर्बीण पिशवीत घालतात, मस्सा किंवा आतली गाठ काढतात, आणि बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते. दोन-चार दिवस थोडं रक्त जातं, तेवढंच. लॅप्रोस्कोपीत बेंबीपाशी छिद्र करून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, त्यानं पोट तंबूसारखं वर उचललं जातं आणि आत काम करायला जागा होते. अंडाशयातली गाठ, नळीत राहिलेला गर्भ, फायब्रॉईड, पिशवी काढणं हे सगळं यातून होतं.

तिसरी वाट जुनी, बिनटाक्यांची: दुर्बीण न वापरता थेट खालून पिशवी काढणं. पोटावर एकही खूण राहत नाही, खर्चही कमी. पिशवी फार मोठी नसेल आणि आत चिकटलेलं नसेल तर हीच सगळ्यात चांगली. मात्र ती येणारा हात हवा. ‘माझी खालून निघेल का?’ असं विचारायला हरकत नाही. महागडं यंत्र आहे म्हणून ते वापरलंच पाहिजे असं थोडंच आहे.

तारीख धरताना

सहा आठवडे वजन उचलायचं नाही, हे धरून तारीख ठरवा. पुष्कळ जणी शेतातली कामं आटोपली, पोरांना सुट्ट्या लागल्या म्हणून मे महिना गाठतात. पण आपल्याकडे मे म्हणजे टँकरचे दिवस. गल्लीत टँकर आला आणि घरात दुसरं कुणी नसलं की आठवड्याभराच्या ऑपरेशनची बाई पाइप धरायला पळते, हंडा भरते, आणि मग रक्त जायला लागलं म्हणून वॉर्डात परत येते. घरचं पाणी कोण भरणार हे आधी ठरवा आणि मग तारीख घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी दिवाळीच्या तोंडावर ऑपरेशन करून गाडीत बसू नये. मुकादमाची उचल घेतलेली असली तरी. पाडवा-अक्षय तृतीयेच्या सुमारास परत आल्यावर करा, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत शरीर भरून येतं.

हिमोग्लोबिन साधारण दहाच्या पुढं असावं. आपल्या बायकांचं ते बहुतेक वेळा कमीच निघतं, म्हणून महिना-दीड महिना आधी तपासा. लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोहाचं सलाईन दिलं की ते वर येतं. आदल्या दिवशी रक्ताच्या बाटलीसाठी पळापळ करण्यापेक्षा हे बरं. साखर, बीपी, थायरॉईड आटोक्यात असल्याशिवाय भूलतज्ज्ञ हो म्हणणार नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरच सांगतील, मनानं बंद करू नका.

मिशरी आणि तंबाखू. यावर बायका गप्प बसतात, कारण शेजारी सासरा नाहीतर दीर उभा असतो. भूलतज्ज्ञ विचारतील तेव्हा खरं सांगा, नातेवाइकांना बाहेर पाठवायला सांगा. जखम भरायला तंबाखू अडथळा करतो, म्हणून जितक्या आधी सुटेल तितकं चांगलं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण कुठलं ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात बसतं, याचे नियम आहेत. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्राची खिडकी असते. रेशन कार्ड, आधार आणि सोनोग्राफीचा कागद घेऊन ॲडमिट होण्याआधी तिथं जा. मंजुरी आधी लागते, रोख पैसे भरून झाल्यावर योजना आठवून उपयोग नाही. फोन करायचा तर १५५३८८ किंवा १८००२३३२२००. योजनेबाहेर करत असाल तर खर्च लेखी मागा आणि त्यात भूलतज्ज्ञ, औषधं, वापरून टाकायची हत्यारं आणि बायोप्सी (काढलेल्या पिशवीची लॅबमधली तपासणी) धरली आहे का ते बघा. बायोप्सी बहुतेकदा धरलेली नसते.

संमतीच्या कागदावर ‘गरज पडल्यास पोट उघडून’ असं लिहिलेलं असेल. आत फार चिकटलेलं असलं, रक्त थांबेना, तर डॉक्टर छिद्रांवरून मोठ्या टाक्यावर येतात. त्यात जीव वाचतो. त्याला ऑपरेशन फसलं असं म्हणत नाहीत. कागद वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. मगच अंगठा.

ऑपरेशनचा दिवस

जेवण सहा ते आठ तास आधी बंद. साधं पाणी तसं दोन तास आधीपर्यंत चालतं. पण यादीतला नंबर मागेपुढे होतो म्हणून बरेच दवाखाने रात्री बारानंतर सगळंच बंद सांगतात, तुमचा दवाखाना सांगेल ते पाळा. उपाशी म्हणजे चहाचा घोट नाही, मिशरी नाही आणि देवीचा अंगाराही तोंडात टाकायचा नाही. पोटातलं भुलीत वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. बीपीची गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर द्यायला सांगतात आणि साखरेची सकाळची गोळी थांबवतात, पण दोन्ही विचारून.

दागिने घरीच ठेवा. आत विजेवर चालणारी हत्यारं असतात, म्हणून जोडवी, बांगड्या, नथ, मंगळसूत्र सगळं काढावं लागतं. मंगळसूत्रावरून दर आठवड्याला कुणाचं तरी मन खट्टू होतं; नवऱ्याच्या खिशात ठेवलं तरी चालतं, हे आधीच बोलून घ्या. नखांचा रंग पुसा, बोटाला लावतात त्या यंत्राला तो आड येतो. बेंबी साबणानं नीट धुवा. केस घरी ब्लेडनं काढू नका. बारीक कापलं तर तिथूनच जंतू शिरतात.

टेबलावर भूल पूर्ण देतात, घशात श्वासाची नळी घालतात, आणि टेबल डोक्याकडून खाली तिरकं करतात म्हणजे आतडी वर सरकून पिशवी दिसते. म्हणून शुद्धीवर आल्यावर घसा खवखवतो आणि चेहरा, पापण्या जरा सुजलेल्या वाटतात. घाबरायचं नाही. लघवीची नळी असते, हाताला सलाईन असतं, हुडहुडी भरते.

बाहेर थांबलेल्यांपैकी एकाला मध्येच बोलावून स्टीलच्या ट्रेमध्ये काढलेली पिशवी दाखवतात. नवऱ्याला भोवळ येत असेल तर धीराची बाई पुढं करा. नंतर ती पिशवी औषधाच्या पाण्याच्या डबीत तपासणीला जाते. बऱ्याच ठिकाणी ही डबी लॅबमध्ये पोचवायचं काम नातेवाइकांकडे येतं. डबीवर नाव, वय, तारीख लिहिलंय का बघा, पावती घ्या.

पहिली रात्र, आणि तो खांदा

“सिस्टर, ऑपरेशन पोटाचं केलं अन् खांदा कशाला दुखायलाय माय?” बहुतेक प्रत्येक लॅप्रोस्कोपीच्या पेशंटचा हा प्रश्न. पोटात भरलेला वायू शेवटी काढून टाकतात, पण थोडा राहतो आणि वर जाऊन पोट-छातीमधल्या पडद्याला चिडवतो. त्या पडद्याची आणि खांद्याची नस एकच, म्हणून कळ खांद्यात उठते. एक ते तीन दिवसांत वायू रक्तात जिरून जातो. चालल्यानं आणि गोळीनं बरं वाटतं. नातेवाईक झंडू बाम चोळत बसतात, चोळू द्या, नुकसान काही नाही. मात्र दुखणं छातीत असेल, दम लागत असेल तर ती वेगळी गोष्ट. लगेच सिस्टरला हाक मारा.

त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी तुम्हाला उठवून चालवतील. अंथरुणात नुसतं पडून राहिलं तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते. उठताना सरळ उठू नका: आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताच्या रेट्यानं बसा, दोन मिनिटं थांबा, मग उभ्या राहा. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरा. लघवीची नळी साधारण दुसऱ्या दिवशी काढतात. त्यानंतर चार-सहा तासांत लघवी झालीच पाहिजे, नाही झाली तर लाजून गप्प राहू नका. सगळं ठीक असेल तर एक-दोन दिवसांत सुट्टी. गाव लांब असेल, रस्ता खराब असेल तर पहिले दोन दिवस शहरातल्या पाहुण्यांकडे काढलेले बरे.

घरी आल्यावर

पहिले तीन-चार दिवस दुखण्याची गोळी वेळेवर घ्या. कळ उठायची वाट बघत बसू नका. डॉक्टरांनी हो म्हटलं की उभ्यानं अंघोळ करा. टाके नुसते टिपून कोरडे ठेवा. हळद, राख, बिब्बा, तेल यातलं काहीही टाक्यावर नको.

खाण्यावरून घराघरांत भांडणं होतात. भात खाल्ला की टाके पिकतात, पाणी जास्त प्यायलं की आत पाणी होतं, वांगं नको, डाळ नको, अंडं उष्ण. असं करत करत बाई आठ दिवस चहा-बिस्किटावर राहते. टाका भरतो प्रथिनांवर. वरण, दूध, दही, अंडी, मटकी, शेंगदाणे, खाणाऱ्यांनी मटणाचा रस्साही. पहिले दोन दिवस हलकं, वरणभात-खिचडी, वारा सरला की ज्वारीची भाकरी सुरू. पाणी भरपूर प्या. पोट साफ होणं फार महत्त्वाचं, कारण कुंथण्याचा सगळा ताण आतल्या टाक्यावर येतो; इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध न विसरता घ्या. पोटपट्ट्याची दुर्बिणीच्या ऑपरेशनला सहसा गरज नसते.

खालून तपकिरी-लालसर पाणी दोन-तीन आठवडे, कधी त्याहून थोडं जास्त दिवस जातं. पॅड वापरा, आत काही घालू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतले टाके विरघळताना एखाद दिवस रक्ताचे डाग दिसतात.

पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात फिरणं. दुसऱ्या आठवड्यात बाई टवटवीत दिसते. हाच धोक्याचा आठवडा. टाके दिसत नाहीत, दुखत नाही, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, “आता काय झालंय तुला?” ओट्यापाशी उभं राहून भाजी फोडणीला टाका, हरकत नाही. पण भरली घागर पंधरा किलोच्या घरात जाते आणि तुमची मर्यादा चार-पाच किलो. नातवंड कडेवर नाही, पीठ दळायचा डबा नाही, धुण्याची बादली नाही, हापसा नाही, वाकून चूल फुंकणं नाही. मोटारसायकलवर मागं बसून खड्ड्यांतून जाणं महिनाभर टाळा. बसून करायची नोकरी असेल तर दोन ते चार आठवड्यांत जाता येतं. खुरपणी, कापूस वेचणी सहा आठवड्यांची तपासणी झाल्यावर, तीही अर्धा दिवस करून बघून. उसाची मोळी डोक्यावर घेणं तीन महिन्यांआधी नकोच.

नवरा-बायकोचा संबंध सहा ते आठ आठवडे बंद. योनीच्या वरच्या टोकाची शिवण उसवून आतडं खाली येऊ शकतं. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवाशी खेळ. आणि हा उसवण्याचा धोका दुर्बिणीतून काढलेल्या पिशवीत इतर पद्धतींपेक्षा थोडा जास्तच असतो. डिस्चार्जच्या वेळी हे नवऱ्यासमोर सांगायला डॉक्टरांना सांगा. बाईनं घरी जाऊन सांगितलं तर ऐकलं जाईलच असं नाही.

पिशवी न काढता फक्त गाठ काढली असेल तर हे सगळं लवकर आटपतं. फायब्रॉईड काढून पिशवी शिवली असेल तर मूल कधी राहू द्यायचं आणि बाळंतपण सिझेरियननंच का, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

कधी पळायचं

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये आम्ही एक खूणगाठ बांधलेली असते: रोज कालच्यापेक्षा बरं वाटायला हवं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या दिवसापेक्षा पोट जास्त दुखतंय, फुगतंय, उलट्या होतायत, वारा सरत नाही, असं असेल तर आतड्याला इजा झाली असण्याची शक्यता धरून त्याच तासाला दवाखाना गाठा. गावातल्या डॉक्टरकडून सुई टोचून रात्र काढायची नाही.

तासाभरात पॅड भिजतंय किंवा गोळे पडतायत. ताप १००.४ च्या वर. घाण वासाचं पाणी, टाक्यातून पू. एका पायाची पोटरी सुजून दुखतेय किंवा अचानक दम लागतोय. यातलं काहीही झालं तर थांबू नका, गाडी नसेल तर १०८. आणि एक लक्षण बायका हमखास लपवतात: आठ-दहा दिवसांनी खालून आपोआप, सतत लघवीसारखं पाणी झिरपणं. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून कपडा लावून बसू नका. मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा असेल तर ती दुरुस्त होते, पण सांगितलं तर.

तपासणी आणि फाईल

आठवड्यानं पहिली भेट, टाके बघायला. दुसरी साधारण सहा आठवड्यांनी. यात डॉक्टर खालून तपासून आतली शिवण भरली का ते बघतात. ही दुसरी भेट बहुतेक जणी बुडवतात, कारण दुखत काही नसतं. बायोप्सीचा रिपोर्ट दहा-पंधरा दिवसांत येतो. तो आणायला कुणीतरी गेलंच पाहिजे आणि डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. लॅबच्या कपाटात पडून राहिलेले रिपोर्ट कमी नाहीत.

पिशवी गेली की पाळी थांबते. अंडाशय ठेवले असतील तर बाकी शरीर पूर्वीसारखंच चालतं, ताकद जात नाही, संबंधातही बहुतेकींना फरक पडत नाही, उलट रोजचं दुखणं गेल्यानं बरंच वाटतं. अंडाशय काढले असतील तर वाफा, चिडचिड, कॅल्शियम, हाडं यांविषयी सहा आठवड्यांच्या भेटीतच बोला.

डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि बायोप्सी रिपोर्ट, तिन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवा आणि त्यांचे फोटो स्वतःच्या आणि पोराच्या मोबाइलमध्ये ठेवा. दहा वर्षांनी कारखान्याच्या गावातल्या एखाद्या दवाखान्यात पोट दुखतंय म्हणून गेलात, तर डॉक्टर पहिलं हेच विचारतील: पिशवी कशासाठी काढली, तोंडासकट काढली का, आणि अंडाशय आहेत का?